थंडी कुणाला, झूल कुणाला!

लेकीच्या बाळंतपणाला विलायतेला जाऊन आलेल्या बाईला आल्या आल्या काय विचारतात, ठाऊक आहे ना? लंडन पाहिलंत का, राजवाडा पाहिलात का, आणि तिकडं बाळंतिणीला डिंकाचे लाडू कुठून मिळाले! मलाही सगळ्या जणींनी हेच विचारलं. लंडन मी पाहिलं ते विमानतळावरून निघताना मोटारीच्या काचेतून. लाडू साताऱ्याहूनच करून नेले होते. पुढं अडीच महिने राहिले ती एका लहानशा गावात, आणि तिथं शिकून आले काय, तर घोड्याला झूल कशी घालायची!

हसू नका. तुमच्या-माझ्या दारात घोडा नाही हे मलाही कळतं. पण जे शिकले ते घोड्यावाचूनही उपयोगी पडणारं आहे, म्हणून तर लिहायला बसले. आधी गावाची ओळख करून देते.

ऑक्सफर्डच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर विटनी नावाचं गाव आहे. तिथली उतारूंची आगगाडी १९६२ साली बंद झाली, तेव्हापासून जायचं ते बसनं नाहीतर मोटारीनं. घरं मधाच्या रंगाच्या दगडाची, छपरं उतरती, आणि गावातून विंडरश नावाची शांत नदी वाहते. हे गाव शेकडो वर्षं एकाच गोष्टीसाठी नावाजलेलं होतं, ती म्हणजे लोकरीची ब्लँकेटं. जवळच्या कॉट्सवोल्ड टेकड्यांवर मेंढ्या, धुवायला नदीचं पाणी, आणि घरोघरी माग. १७११ साली इथल्या विणकरांना राणी ॲनकडून सनद मिळाली. १७२१ साली त्यांनी भर रस्त्यावर 'ब्लँकेट हॉल' बांधला. गावात विणलेलं ब्लँकेट तिथं आणायचं, मापायचं, तोलायचं, मगच बाजारात जायचं. ती इमारत अजून उभी आहे. तिच्यावरच्या घड्याळाला काटा एकच! इथली ब्लँकेटं हडसन बे कंपनीमार्फत पार उत्तर अमेरिकेपर्यंत जात. मोठी गिरणी होती अर्ली घराण्याची, ती २००२ साली बंद पडली.

मला आपल्या माणदेशातली घोंगडी आठवली. तशाच मेंढ्या, तसेच माग. चिंचोक्याची खळ दिलेलं ते ताठ, खरखरीत घोंगडं पाऊसही झेलतं आणि थंडीही. ऊब विकून पोट भरणारी माणसं सगळीकडे सारखीच.

तर अशा या ब्लँकेटांच्या गावात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला नातू झाला. जाताना मी दोन कुंच्या, सहा झबली, लोकरीचे मोजे आणि जुन्या लुगड्यांची चार दुपटी नेली होती. घरात हीटर चालू, भिंतीवरचा काटा अठरा अंशांवर. लेक म्हणे, बाळाच्या खोलीला हेच योग्य. मला मात्र ते अठरा अंश म्हणजे ऐन हिवाळ्यातलं महाबळेश्वरच वाटायचं! मी बाळाला कुंची घालायची, लेक काढायची. मी दुपट्यावर दुपटं टाकायची, ती एक-एक उचलायची. घरी तपासायला येणारी नर्सबाई सांगून गेली की घरात टोपी नको, फार गुंडाळू नका, बाळ फार तापणंही धोक्याचं असतं. मी तोंडावर काही बोलले नाही. ती गेल्यावर मात्र लेकीला म्हटलं, "तुझ्या वेळी कुठली नर्स आली होती गं? वाढलीसच ना?" तिनं उत्तर दिलं नाही, पण डोळे भरले तिचे. बाळंतिणीला रडवलं म्हणून मला रात्रभर झोप नाही.

आता यात घोडा कुठून आला? सांगते.

लेकीची थोरली नऊ वर्षांची आहे. तिला घोड्यांचं वेड. शेजारी एक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई राहतात, त्यांची एक घोडी आहे. घोडी काही त्यांच्या घरी नसते. तिकडं शेतावर भाड्याच्या पागा असतात. महिन्याचं भाडं द्यायचं, घोड्याला ठाण मिळतं, फिरायला कुरण मिळतं, आणि चारा-पाणी, खरारा आपण येऊन करायचा. ही पागा विटनीपासून मोटारीनं अर्ध्या-पाऊण तासावर, पांढऱ्या घोड्याच्या टेकडीच्या पायथ्याशी. त्या टेकडीबद्दल शेवटी सांगेन. दर शनिवार-रविवारी नात त्या बाईंबरोबर मदतीला जायची आणि सोबत तिची आई. आता आई बाळंतीण, तेव्हा बरोबर जायची पाळी आजीवर आली. घरातल्या त्या अबोल्यातून चार घटका सुटका, म्हणून मीही निघाले.

तिथला हिवाळा म्हणजे काय सांगू! सकाळी आठ वाजून गेले तरी सूर्य वर येत नाही आणि दुपारी चारला दिवे लावावे लागतात. गवतावर दहिवर गोठून पांढरं झालेलं. पागेत शिरलं की वाळल्या गवताचा गोड वास आणि वीसेक घोड्यांचे वाफाळणारे श्वास. अर्ध्या-अर्ध्या उघडणाऱ्या दारांतून लांब तोंडं बाहेर. आमची घोडी तांबूस रंगाची, चौदा वर्षांची, स्वभावानं गरीब. तिचं इंग्रजी नाव काही माझ्या तोंडी बसेना. मी तिला 'तांबडी'च म्हणायची.

आणि तांबडीच्या झुली! दाराशेजारी लाकडी दांडीवर ओळीनं टांगलेल्या. मोजल्या तर पाच. मी म्हटलं, एवढ्या तर माझ्याकडे शालीसुद्धा नाहीत! बाईंनी एक-एक समजावून सांगितली. मुख्य प्रकार दोन. एक ठाणात घालायची, आतून-बाहेरून रजईसारखी, पण पाऊस न झेलणारी. दुसरी कुरणात जाताना घालायची, बाहेरून पाणी न शिरणारी. तिसरी पातळ, मऊ कापडाची. घोडा घामेजला की ती घालायची, अंगावरची ओल ती शोषून वर टाकते. उरलेल्या दोन म्हणजे पहिल्या दोहोंच्याच कमी-जास्त जाडीच्या बहिणी.

जाडीचं माप मोठं मजेशीर. आपण गादीवाल्याला विचारतो ना, कापूस किती किलो घालणार? तसं हे चौरस मीटरला किती ग्रॅम भरण, यावर ठरतं. शंभर ग्रॅमची हलकी, दोनशेची मध्यम, तीनशे आणि त्यावरची जाड. काहींत भरण शून्य, नुसता पावसाचा आडोसा. वरच्या कापडाचा दणकटपणा डेनियरमध्ये सांगतात, आपल्या नायलॉनच्या धाग्यासारखा. सहाशे डेनियर साधं. एकमेकांचे कपडे दातांनी फाडणारे दांडगट घोडे असले, तर बाराशे किंवा त्यावर. पण लक्षात ठेवा, डेनियर म्हणजे ऊब नव्हे. नवखी माणसं इथंच फसतात म्हणे.

माप घ्यायचं ते छातीच्या मधोमध फीत धरून खांद्यावरून, पोटाच्या बाजूनं सरळ मागं, पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत. ते फूट-इंचात येतं, आणि तयार झुली तीन-तीन इंचांच्या फरकानं मिळतात. झूल मोठी झाली तर मागं घसरते, पायांत येते. लहान झाली तर खांद्यावरचे केस घासून घासून टक्कल पडतं. पोटाखालचे पट्टे इतकेच आवळायचे की पट्टा आणि पोट यांच्यामध्ये आपला हात आडवा जावा. घालताना झूल मानेवर थोडी पुढं टाकायची आणि मग केसांच्या दिशेनं मागं ओढायची. पुढं कधीच ओढायची नाही, केस उलटे दबून घोडा दिवसभर अस्वस्थ राहतो. नातीनं मला हे सगळं मोठ्या ऐटीत करून दाखवलं. आजीला शिकवायची संधी कुठली नात सोडते!

बाईंच्या घरी त्यांच्या वडिलांच्या वेळचं एक विटनीचं ब्लँकेटही होतं, पिवळसर, त्यावर लाल-काळे पट्टे. पूर्वी असलं ब्लँकेट आत आणि वरून अस्तर लावलेली गोणपाटाची झूल, असा घोड्यांचा हिवाळी पोशाख असे. त्या गोणपाटाचा ताग आपल्या बंगालचा असायचा. घोडा भिजून आला की झुलीखाली पेंढा पसरायचे, म्हणजे हवा खेळती राहून अंग वाळे. उपाय साधाच, पण विचार केलेला.

आता माझी फजिती ऐका. जानेवारीतला एक शनिवार. बाईंना स्वतःला दवाखान्यात जायचं होतं, म्हणून संध्याकाळचं काम त्यांनी आम्हा आजी-नातीवर सोपवलं. जावयानं मोटारीनं नेऊन सोडलं. फळ्यावर बाईंनी खडूनं लिहून ठेवलं होतं : गवत भरपूर, पाणी बदला, रात्री शंभर ग्रॅमची झूल. बाहेर तीन अंश. मी दोन स्वेटर, कोट, कानटोपी घालूनही दात वाजवत होते. नातीनं सांगितलेली झूल घातली. मी म्हटलं, "एवढीशी? रात्रभर काकडेल बिचारी." आणि तीनशेची जाड झूल उचलून वरून चढवली. "आजी, फळ्यावर एकच लिहिलीय," नात म्हणाली. "तुला काय कळतंय? थंडी किती आहे बघ!" असं म्हणून जाता जाता दाराची वरची झडपही लावून घेतली. पुण्यकर्म केल्यासारखी मी घरी आले.

सकाळी गेलो तर तांबडी ठाणात येरझारा घालत होती. गवत निम्मं तसंच. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझा हातमोजा काढला, माझा हात धरला आणि आयाळ संपते तिथल्या उंचवट्याच्या मागं, झुलीच्या आत सरकवला. भाताच्या कुकरचं झाकण उघडावं तशी वाफ! केस घामानं चिकटलेले, कातडी तापलेली. अशा ओल्या अंगानं तिला गार वाऱ्यात काढली असती तर खरोखरच गारठली असती. बाईंनी झडप उघडली, जाड झूल काढली, गवताच्या बोळ्यांनी तिचं अंग चोळलं, घाम शोषणारी पातळ झूल घातली, आणि ती वाळेपर्यंत दीड-दोन तास तिथंच बसल्या. आदल्या दिवशी दवाखान्यातून आलेली ती बाई! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, "काल थंडी तुम्हाला वाजत होती. तिला विचारलं नाहीत."

मग तांबडी वाळेपर्यंत त्यांनी मला सगळं उलगडून सांगितलं. घोड्याचं शरीर आपल्यासारखं नाही. साधारण पाच ते पंचवीस अंशांपर्यंत धडधाकट घोड्याला अंग ऊबदार राखायला किंवा थंड करायला वेगळी शक्ती खर्चावी लागत नाही. हवेची सवय झालेला आणि पोटभर चारा मिळणारा घोडा याहून कितीतरी खालची थंडी सोसतो. एक तर त्याची हिवाळी लव. थंडी वाढली की ते केस उभे राहतात, त्यांत हवा अडकते आणि तीच त्याची रजई होते. त्यावर आपण झूल टाकली की केस दबतात, त्याची स्वतःची रजई निकामी होते. दुसरी गोष्ट म्हणजे पोटातली चूल. वाळलं गवत घोड्याच्या मोठ्या आतड्यात आंबून पचतं आणि त्यातून उष्णता निघत राहते. म्हणून कडाक्याची रात्र असेल तर पहिला उपाय झूल नव्हे, गवताची आणखी एक पेंढी.

मग झूल लागते कुणाला? म्हाताऱ्या, रोड, आजारी घोड्याला लागते. हिवाळ्यातही काम करणाऱ्या घोड्यांची लव यंत्रानं कातरतात, कारण दाट लव घामानं भिजली की लवकर वाळत नाही. आपण त्यांची रजई कातरून घेतली, तेव्हा झूल देणं आपल्यावर आलं. आणि पाऊस व वारा एकत्र आला, तर कुरणात आडोसा नसलेल्या कुठल्याही घोड्याला लागू शकते. कोरड्या थंडीपेक्षा ओला वारा वाईट. भिजून केस चिकटले की लवेतली हवा निघून जाते.

बाईंनी घालून दिलेले नियम मी वहीत टिपून घेतले. तुमच्यासाठी देते.

पहिला : थर्मामीटर पाहावा, पण शेवटचा शब्द हाताचा. झुलीच्या आत, खांद्यामागं हात घाला. ऊबदार आणि कोरडं लागलं तर ठीक, दमट लागलं तर झूल जास्त झाली. कान आणि पाय गार लागतात, त्यावरून ठरवू नये.

दुसरा : शंका आली तर एक पायरी हलकी झूल घाला. थोडी थंडी वाजलेला घोडा खाऊन, हालचाल करून ऊब मिळवतो. उकडणाऱ्याला मात्र पट्टे सोडून झूल काढता येत नाही.

तिसरा : रोज एकदा झूल पूर्ण उतरवा. खरारा करा, खांदे घासले का पाहा, बरगड्यांवरून हात फिरवा. झुलीखाली घोडा रोडावतो किंवा लठ्ठ होतो, ते वरून दिसत नाही.

चौथा : ओल्या अंगावर जाड झूल नको, आणि ऊब राहावी म्हणून दारं-झडपा कोंडू नयेत. कोंदट हवेत गवताची धूळ आणि मुताची झार घोड्याच्या छातीत जाते.

पाचवा : हिवाळा संपला की झुली घासून, धुऊन, कडकडीत वाळवून ठेवा. पाणी न शिरणाऱ्या झुलीला नेहमीची धुण्याची पावडर लावू नये, तिचा लेप जातो.

"पण मुकं जनावर सांगणार कसं?" मी विचारलं. तेव्हा बाईंनी नॉर्वेतली हकिगत सांगितली. तिथल्या संशोधकांनी तेवीस घोड्यांना तीन पाट्या ओळखायला शिकवलं. आडवी रेघ म्हणजे झूल घाला, उभी रेघ म्हणजे काढा, कोरी पाटी म्हणजे आहे तसं राहू द्या. रोज थोडा वेळ शिकवून दोनेक आठवड्यांत सगळे घोडे शिकले. २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. ओल्या, वादळी, गार दिवशी घोडे झूल मागत आणि हवा चांगली असली की काढायला सांगत. म्हणजे सांगणारा होताच. विचारणारा कुणी नव्हता!

त्या रात्री बाळ रडत होतं. लेक थकून झोपली होती. मी त्याला उचललं. संध्याकाळी लेकीची नजर चुकवून मीच त्याला कुंची, स्वेटर आणि दोन दुपटी घातली होती. पायाला हात लावला तर गार. सवयीनं तिसरं दुपटं ओढलं, आणि एकदम तांबडी आठवली. बाळाच्या मानेमागं दोन बोटं घातली. घामेजलेली! नर्सबाईनंही हेच सांगितलं होतं, हातपाय नका पाहू, छाती नाहीतर मान पाहा. मी ऐकलं नव्हतं. गुपचूप कुंची काढली, स्वेटर काढला, एक दुपटं ठेवलं. पाच मिनिटांत बाळ झोपलं. मान वर केली तर लेक जागी होऊन बघत होती. म्हणाली, "आई, चहा ठेवू तुला?" रात्रीचे अडीच वाजले होते. आम्ही दोघींनी चहा घेतला. तिला डिंकाचा लाडू दिला.

बाळ म्हणजे काही घोडा नव्हे, हे मलाही कळतं. त्याला लव नाही, पोटात चूल नाही, पांघरूण लागतंच. पण किती, हे त्याच्या मानेला विचारायचं, आपल्या दातांना नाही.

आता टेकडीचं. निघायच्या आधीच्या रविवारी सगळे मिळून अफिंग्टनचा पांढरा घोडा पाहायला गेलो. हिरव्या टेकडीच्या उतारावर सुमारे एकशे दहा मीटर लांबीचा घोडा आहे, चार-सहा फराट्यांत काढल्यासारखा. चर खणून त्यांत पांढरा खडू ठेचून भरलाय. वय सुमारे तीन हजार वर्षं! लोकांनी पिढ्यान् पिढ्या त्यावरचं गवत काढलं, नवा खडू ठेचला, म्हणून तो टिकला. खालच्या दरीला तिथले लोक 'गव्हाण' म्हणतात. रात्री घोडा टेकडीवरून उतरून तिथं चरतो, अशी गोष्ट आहे.

पण मला आवडली ती निराळीच हकिगत. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना खूण सापडू नये म्हणून हा घोडा गवताची ढेकळं आणि कुंपणाच्या फांद्या टाकून झाकला होता. युद्ध संपल्यावर पुन्हा उघडा केला. म्हणजे यालाही एकदा झूल घातली होती, आणि आठवणीनं काढलीही! नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, नाहीतर त्याच्यावर गवतच उगवलं असतं. कुणाला कळलंच नसतं खाली घोडा आहे ते."

साताऱ्याला परत आले तेव्हा फेब्रुवारीची थंडी ओसरत होती. सासूबाई नव्वदीच्या, खाटेवर. पायाला गार लागल्या म्हणून सुनेनं दोन रजया घातल्या होत्या. मी शेजारी बसले आणि त्यांच्या मानेमागं हात घातला. सासूबाईंनी डोळे उघडले. म्हणाल्या, "काढ गं बाई एक. सकाळधरनं उकडतंय. पण विचारतंय कोण!"